आमच्या देवळाचे वय शोधताना

गोव्यातील धारबांदोडा तालुक्यातल्या आमच्या गावचे प्रोटेस्टंट देऊळ जेमतेम साठ माणसे बसतील एवढेच आहे: चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौले, घंटेला वेगळा मनोरा नाही. गळके छप्पर उतरवायचे ठरले तेव्हा देवळाचा इतिहास लिहून ठेवण्याचे काम मंडळीने माझ्यावर सोपवले.

घरोघरी एकच उत्तर मिळाले, की देऊळ रेल्वेबरोबर आले. मुरगाव बंदरापासून घाटापर्यंतचा लोहमार्ग ब्रिटिश कंपनीने टाकला आणि तो 1888 मध्ये पुरा झाला; त्या कामावर घाटावरून आलेल्यांत आमचे पूर्वज होते. म्हणून 1888 हेच साल कोरावे, असा बहुतेकांचा आग्रह होता.

छप्पर उतरत असताना मी रोज तिथे उभा राहिलो. कौलाच्या पोटावर कारखान्याचा ठसा असतो, म्हणून शेवाळ घासून ठसे वाचले. बासेल मिशन या जर्मन-स्विस मिशनरी संस्थेने 1865 मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला होता. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्यांचे कारखाने ताब्यात घेतले आणि 1919 नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. आमच्या कौलांवर कॉमनवेल्थचेच नाव निघाले. पण भिंतीच्या वरच्या थरात गोल वाशांच्या बुजवलेल्या खाचाही दिसल्या, म्हणजे कौलांपूर्वी इथे गवताने शाकारलेले छप्पर असले पाहिजे.

उरला भिंतींचा प्रश्न, तो बाप्तिस्म्याच्या नोंदवहीने सोडवला. ती मोडीत असल्याने फोंड्याच्या एका निवृत्त शिक्षकांकडून वाचून घेतली. जुन्या सगळ्या नोंदींत विधी ‘रेल्वेच्या खोलीत’ झाल्याचे लिहिले आहे. पोर्तुगालच्या 1826 च्या सनदेनुसार कॅथलिक हा राज्याचा धर्म होता आणि परदेशीयांना आपली उपासना बाहेरून देवळासारख्या न दिसणाऱ्या घरातच करता येत असे. 1910 मध्ये तिथे प्रजासत्ताक आले, 1911 मध्ये धर्मसंस्था राज्यापासून वेगळी करणारा कायदा झाला आणि त्यानंतरच्या नोंदींत पहिल्यांदा ‘देवळात’ हा शब्द येतो. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

मंडळीच्या सभेत हे वाचून दाखवल्यावर सर्वांत वयस्कर आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, ‘म्हणजे माझ्या आजाचा बाप्तिस्मा त्या खोलीत झाला?’ मी नोंदवहीतले ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवले.