ढगाळ कसबा पेठ: छत्र्यांनी दिशा दिली

अखेर पुण्यातल्या कसबा पेठेचं कोडं सुटलं! मोबाइल पिशवीत बंद, आभाळ गच्च, आणि तांबट आळीच्या आसपासच्या बोळांतून कितीही वळणं घेतली तरी उत्तर कुठे हे दर वेळी बिनचूक सांगता आलं. फार आनंद झालाय, म्हणून लगेच लिहितेय.

अडचण जुनीच. या दिवसांत ऊन पडलं तरी सावलीवर विसंबता येत नाही. पुणे 18.5 अक्षांशावर, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला जातो आणि काठीची सावली दक्षिणेला पडते, तीही जेमतेम. शिवाय प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची, आपण बरेच पश्चिमेला, म्हणून सूर्य मध्यावर येतो साडेबारा उलटल्यावर. तासकाटा सूर्याकडे धरून दिशा काढायची घड्याळाची युक्ती थंड देशांतल्या लोकांसाठी ठीक, इथे उन्हाळ्यात तिचा नाद सोडा. ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंश वर, म्हणजे पेठेत कायम कुठल्यातरी इमारतीमागे.

होकायंत्राचं म्हणाल तर पुण्यात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत एका अंशाचाही फरक नाही, ही मोठी सोय. पण बोळात दोन्हीकडे दुचाक्या आणि शटरं. सुई त्यांच्याकडे ओढली जाते. किल्ल्यांच्या जुडग्यातली होकायंत्रं तर घेऊच नका. द्रव भरलेलं, सपाट पट्टीवर बसवलेलं घ्या आणि मोकळ्या चौकातच बघा.

मग वर बघितलं. गच्च्यांवरच्या डिशच्या सगळ्या छत्र्या एकाच अंगाला वळलेल्या! भूस्थिर उपग्रह, म्हणजे आकाशात एकाच जागी थांबल्यासारखे दिसणारे, विषुववृत्तावर, म्हणजे आपल्या दक्षिणेला. आपले डीटीएचचे उपग्रह साधारण 83 ते 108 पूर्व रेखांशांवर. उत्तरेपासून पूर्वेकडे अंश मोजत गणित मांडलं: पुण्याहून 83 वाला 153 अंशांवर, 95 वाला 129 वर, 108 वाला 115 वर. थोडक्यात, छत्रीचं तोंड आग्नेयेच्या आसपास, पाठ वायव्येला. तबकडीपेक्षा पुढे आलेल्या दांड्याकडे बघा, दिशा चटकन कळते. बंद पडलेल्या, गंजलेल्या छत्र्या वाऱ्याने फिरलेल्या असतात. तीन-चार छत्र्या जुळल्या तरच विश्वास ठेवा.

दुसरी खूण झडीची. पावसाळी वारा पश्चिमेचा, त्यामुळे त्या बाजूच्या भिंती आधी काळवंडतात आणि प्लास्टिकचे पडदेही तिकडच्याच गॅलऱ्यांना. गल्लीत वारा वळतो, म्हणून ही खूण दुय्यमच.

पुढच्या खेपेला मुठेच्या काठाने नारायण पेठ करायची होती. पण लिहितालिहिता शिवमंदिरं आठवली: पूर्वाभिमुख वा पश्चिमाभिमुख गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी सहसा उत्तरेकडच्या गोमुखातून बाहेर पडतं. तेव्हा नारायण पेठ थांबली. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापासून निघायचं, तो उत्तराभिमुख असल्याने सुरुवात पक्की. प्रत्येक जुन्या मंदिरापाशी आधी छत्र्या, मग गोमुख, आणि होकायंत्र सगळ्यात शेवटी. पेठांतल्या ज्या मंदिरांत बाहेरून गोमुख दिसतं, ती कुणाला ठाऊक असतील तर जरूर कळवा.