शिकागोतली रेनेसाँस परिषद: जाणाऱ्यांसाठी

रेनेसाँस सोसायटी ऑफ अमेरिका ही रेनेसाँसच्या, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या अभ्यासकांची १९५४ सालची संस्था. तिची वार्षिक परिषद २०२४ मध्ये २१ ते २३ मार्च या काळात शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात भरली. गाव दरवर्षी बदलतं (२०२२ ला डब्लिन, २०२५ ला बॉस्टन), पण घडी तीच असते, म्हणून या नोंदी पुढेही उपयोगी पडतील.

प्रस्ताव साधारण ऑगस्टमध्ये मागवतात. शीर्षक १५ शब्दांत, सारांशही थोडक्यात. निबंध वाचायचा तर सभासदत्व घ्यावंच लागतं. एकट्याचा निबंध पाठवण्यापेक्षा तिघांनी मिळून पूर्ण सत्र पाठवावं. सुटे निबंध आयोजक एकत्र बांधतात, त्यांचे विषय जुळतीलच असं नाही आणि मग चर्चा रंगत नाही. उदाहरणार्थ, पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताचा गोव्यात १५६३ साली छापलेला औषधींवरचा ग्रंथ घ्या. वैद्यकाचा इतिहासकार, मुद्रणाचा अभ्यासक आणि पोर्तुगीज साहित्याचा जाणकार, तिघांनाही त्यावर बोलता येईल. १५६७ मध्ये युरोपातल्या क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप काढला, म्हणजे युरोपचा धागाही हाताशी आहे. कोकण-गोव्याच्या साहित्यावर काम करणाऱ्यांनी इथे जरूर यावं, या परिषदेत त्यांची जागा आहे.

सत्र ९० मिनिटांचं, निबंधाला २० मिनिटं. इंग्रजीतले २३०० शब्द पुरे. चित्रं दाखवायची असतील तर २०००च. पहिल्या वक्त्याने पाच मिनिटं जास्त घेतली की शेवटच्याचा वेळ जातो आणि प्रश्नोत्तरं तर बुडतातच. खरा लाभ मात्र प्रश्नोत्तरांतच असतो. फाइल पेनड्राइव्हवर पीडीएफ रूपातही ठेवा, एचडीएमआयचा अ‍ॅडॉप्टर स्वतःचा न्या.

एका वेळी पुष्कळ सत्रं चालू असतात. रोज आपल्या विषयाचं एक आणि परक्या विषयाचं एक सत्र आधीच ठरवून टाकावं. साहित्यवाल्याने संगीताच्या किंवा नकाशांच्या सत्रात बसावं, त्यासाठीच तर ही परिषद आहे.

अमेरिकेचा व्हिसा बी-१, म्हणजे कामानिमित्त अल्प मुदतीच्या भेटीचा. मुलाखतीची तारीख मिळायला महिनोन्‌महिने लागू शकतात, त्यामुळे स्वीकृतीचं पत्र हाती येताच अर्ज भरा. ओहेअर विमानतळावरून शहर रेल्वेच्या ब्लू लाइनने मनरो स्टेशन, पाऊण तास. तिथून हॉटेल पायी. मार्चमध्ये बोचरा वारा असतो, कानटोपी हवीच. वीज १२० व्होल्टची, पिना चपट्या. लॅपटॉपचा चार्जर चालतो, आपली किटली नीट तापत नाही.

न्यूबेरी हे जुन्या ग्रंथांचं संशोधन-ग्रंथालय चुकवू नका. रेड लाइनने शिकागो स्टेशनला उतरून चालत जाता येतं. वाचक-कार्ड मोफत, फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. बॅग लॉकरमध्ये, हातात फक्त पेन्सिल. वाचनकक्ष रविवार-सोमवारी बंद आणि परिषद गुरुवार ते शनिवार, तेव्हा मंगळवारी पोहोचलात तर दोन दिवस कामाचे मिळतात. हवे ते ग्रंथ निघण्यापूर्वीच ऑनलाइन मागवून ठेवा.

आर्ट इन्स्टिट्यूट हे कलासंग्रहालय हॉटेलपासून दोन-तीन चौकांवर, मंगळवार-बुधवार बंद. गुरुवारी ते रात्री आठपर्यंत उघडं असतं. सत्रं आटोपून गेलात तरी चित्रकार एल ग्रेकोचं १५७७-७९ मधलं मेरीच्या स्वर्गारोहणाचं चित्र निवांत पाहता येतं. ते चार मीटर उंच आहे, आधी लांबून पाहा.