डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘नॉर्मल डिलिव्हरी’

बाळ ४ किलो १०० ग्रॅमचं. मला गरोदरपणात शुगर होती. डोकं आलं आणि खांदा ओटीपोटाच्या हाडामागे अडकला. दोन सिस्टरांनी माझे गुडघे पोटाशी दाबले, तिसरीने हाडाच्या वर तळव्याने दाब दिला आणि बाळ सुटलं. लगेच रडलंही. कॉलरबोन शाबूत होतं, पण उजवा हात लुळा, कोपर ताठ, तळवा मागे वळलेला. मानेजवळच्या नसा ताणल्यात, याला एर्ब्ज पाल्सी म्हणतात, असं बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं. बहुतेक बाळं सुधारतात. तीन महिन्यांत कोपर वाकलं नाही तर नसांच्या सर्जनला दाखवायचं. इथवर माझी कुणाबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती रेकॉर्डच्या खिडकीबद्दल. फिजिओथेरपीच्या मॅडमनी विचारलं, "खांदा अडकल्याचं कार्डावर कुठाय?" नव्हतंच. पुढच्या बाळंतपणात पुन्हा अडकण्याची शक्यता जास्त असते, तेव्हाच्या डॉक्टरांना हे कळायलाच हवं. केसपेपरची झेरॉक्स मागितली तर "कार्ड दिलंय ना?" नवऱ्याला पाठवलं तर "पेशंटची सही आणा." वीस दिवसांची ओली बाळंतीण मी, बाळाला घेऊन स्वतः गेले, तर रेकॉर्डवाले रजेवर. चौथ्या खेपेला ते भेटले आणि पहिला प्रश्न केला, "कोर्टात जायचंय का?" तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, माझ्याच बाळंतपणाचा कागद!

मग शहाणपण सुचलं. दोन ओळींचा लेखी अर्ज दिला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात, तेही त्यात लिहिलं. तिसऱ्या दिवशी झेरॉक्स हातात. त्यात निळ्या पेनाने वेळा होत्या: डोके ८.४२, बाळ ८.४५. तीनच मिनिटं? मला अर्धा तास वाटला होता.

हो, एक राहिलंच. झबलं घालताना दुखरा हात आधी घालायचा, काढताना शेवटी. काखेत धरून उचलायचं नाही. मालिशवाल्या मावशी हात ओढून ‘मोकळा’ करायला निघाल्या होत्या, त्यांना सासूबाईंनीच थांबवलं. अडीच महिन्यांचा झाल्यावर एका सकाळी त्याने उजवी मूठ तोंडात कोंबली, तेव्हा त्यांनीच आधी पाहिलं.

आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक शिक्का तारखेसकट घ्या. माझा पहिला इतका पुसट होता की पुन्हा मारून घ्यावा लागला.