गाडी उभी राहिली की पिल्लू गप्प होतं

कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लाला वाटेत दाणापाणी लागत नाही. अंड्यातला बलक पोटात ओढून घेऊनच ते बाहेर पडतं, त्यावर त्याचे दोन-तीन दिवस निघतात. लागते ती हवा. हॅचरीतून शेतकऱ्याच्या शेडवर पिल्लं नेणाऱ्या आमच्या गाडीला पंखे नाहीत, एसी नाही, दोन्ही अंगांना नुसती जाळी. गाडी पळते तोवर वारा मिळतो. थांबली की शंभर पिल्लांच्या अंगाची ऊब खोक्यातच कोंडते. म्हणून या धंद्यात किती किलोमीटर, किती तास यापेक्षा गाडी किती वेळ उभी राहणार, हे आधी विचारायला हवं. कोणी विचारत नाही.

हॅचरी, म्हणजे अंडी उबवायची जागा, शिक्रापूरच्या पुढे आणि माल कराड-पेठ नाका पट्ट्यात. एरवी रात्री एक-दोनला निघतो. वाघोली, खराडी बायपास, मुंढवा, मगरपट्टा, हडपसर, मंतरवाडी, कात्रज. पुणं झोपलेलं असतं, आणि उजाडताना गाडी शेडवर.

एप्रिलमधल्या त्या दिवशी लस टोचणारी टोळीच उशिरा आली. मॅरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस पिल्लाच्या मानेच्या कातडीखाली एकेकाला टोचतात, तिथे घाई करून चालत नाही. त्या मुलींची जीप वाटेत बंद पडली होती, त्यांना काय बोलणार? भरणी संपायला सकाळचे साडेनऊ झाले. दोन गाड्या, एक माझी, एक आबाची. दोन्ही एकाच शेतकऱ्याच्या दोन शेडसाठी.

भरणी मी दुसऱ्यावर सोडत नाही. खोक्यात चार कप्पे, कप्प्यात पंचवीस पिल्लं, वर शेकडा दोन जादा, वाटेतल्या मरतुकीपोटी. खोक्यांच्या दोन रांगांत हात जाईल एवढी फट ठेवायची आणि तिच्यात पट्टी अडकवायची, नाहीतर पहिल्याच गतिरोधकाला रांगा सरकून फट बुजते. तळाला लाकडी फळ्या, म्हणजे खालूनही वारा खेळतो. ताडपत्री उन्हाच्या अंगालाच. ऊन चढलं की जाळीवर बाहेरून ओलं गोणपाट, पण पिल्लांवर पाण्याचा थेंबही पडू द्यायचा नाही. नवा क्लीनर आला की त्याला वाटतं, गर्दी झाली म्हणून ती ओरडतात. उलट आहे. गारठलं की पिल्लू ओरडतं, उकाड्यात चोच वासतं, पंख सैल सोडतं आणि गप्प होतं. मागचा आवाज बसला की माझ्या पोटात गोळा येतो.

निघताना सुपरवायझरसाहेबांनी एसी केबिनच्या काचेआडून मोबाईल दाखवला. “दोघंही पुण्यातून जा. वाघोलीत थोडं लाल दिसतंय, बस.” मॅप मिनिटं सांगतो. त्यातली किती चालतीची, किती उभ्याची, हे सांगत नाही. सकाळी दहाला नगर रोडवर घुसायचं, मुंढवा चौकात सिग्नल मोजायचे, आणि पुढे कात्रज-कोंढवा रस्ता, ज्याचं रुंदीकरण २०१८ पासून चाललंय. खडी मशीन चौकात टँकर आणि डंपरच्या मध्ये गाडी अडकली की वारा कुठून येणार?

मी म्हटलं, “साहेब, मी न्हावऱ्यावरून जातो.”

“तुझी मर्जी. उशीर झाला तर तुझ्या नावावर लिहीन.”

तो रस्ता माझ्या हाताखालचा. १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या जयस्तंभाला अभिवादनासाठी लाखो लोक येतात, तेव्हा नगरकडून पुण्याला जाणारी वाहतूक न्हावरे, पारगाव, चौफुला अशीच वळवतात. तळेगाव ढमढेऱ्यावरून न्हावरे, पारगावला भीमा ओलांडायची, चौफुल्याला सोलापूर रोड नुसता कापायचा. पुढे सुपे, मोरगाव, नीरा, लोणंद, वाठार, आणि साताऱ्यात वाढे फाट्याला हायवे. खेड-शिवापूर आणि आनेवाडी हे दोन्ही टोल चुकतात, खंबाटकी घाटही चुकतो. किलोमीटर फारसे वाढत नाहीत. वेळ मात्र खातो, कारण गावागणिक गतिरोधक, तेही ज्याला जसे सुचले तसे बांधलेले. हंगामात मी हा रस्ता घेत नाही, दोन-दोन ट्रॉल्यांच्या ऊसगाड्यांमागे रांगत जावं लागतं. एप्रिलात गाळप आटपलेलं असतं.

सुप्याच्या अलीकडे आबाचा फोन आला. तो अजून मुंढव्यातच होता. “मागं जाऊन पाणी मारू का रे?” मी ओरडलोच. म्हटलं, गोणपाट भिजव, आणि पहिली मोकळी जागा दिसेल तिथं गाडी वाऱ्याला आडवी लाव. वाऱ्याला आडवी जागा, मुंढव्यात! सांगून झाल्यावर माझं मलाच हसू आलं.

मोरगावच्या पुढे एका लिंबाखाली मिनिटभर थांबून मी कान दिला. आवाज एकसारखा, बारीक. निघालो. चहाबिहा काही नाही.

आता खरी गोष्ट. शेडवर आबा माझ्याआधी अर्धा तास पोचला होता. कात्रज सुटल्यावर त्याला हायवे मोकळा मिळाला. माझी मरतूक शेकडा एकाच्या आत, त्याची दीडच्या आसपास. दोन्ही दोनच्या आत, म्हणजे कागदावर दोन्ही गाड्या ठीक. साहेबांनी माझ्या नावापुढे ‘३० मिनिटं उशीर’ लिहिलं. आबा शाबास झाला. तो बिचारा लाजला, कारण त्याने खोकी उघडताना आतलं पाहिलं होतं.

तापलेलं, सुकलेलं पिल्लू उतरताना जिवंत असतं. ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी जातं. उतरणीच्या पावतीवर तो आकडा येतच नाही, पहिल्या आठवड्याची मरतूक शेतकऱ्याच्या वहीत राहते. आठवड्याने मी शेतकऱ्याला फोन केला. आबाच्या शेडमध्ये जास्त गेली होती, बरीच जास्त. मी मनात म्हटलं, झालं, आता साहेबांना दाखवतो. तेवढ्यात शेतकरी म्हणाला, “पण दादा, त्या शेडची लाईट पहिल्या रात्री गेली होती. ऊब देणारे ब्रूडर दोन तास बंद.”

म्हणजे पुण्याने मारली की गारठ्याने, कोण सांगणार? मी ते आकडे साहेबांना पाठवले नाहीत.

आबा म्हणतो, पुढच्या वेळी भरणी उशिरा झाली तर अदलाबदल करू. तू पुण्यातून जा, मी नीऱ्यावरून जातो, मग कळेल. हिशेब म्हणून बरोबर आहे त्याचं. पण त्यासाठी एक गाडी मला मुद्दाम मुंढव्यात उभी करावी लागेल. मी अजून हो म्हटलेलं नाही.