लॉग केबिन रजई: फिकट पट्ट्या झाल्या, आणि ब्लेड बदलायची वेळ कशी ओळखायची

लॉग केबिन रजईच्या (मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत जायच्या, एक बाजू फिकट आणि एक गडद) फिकट रंगाच्या पट्ट्या सगळ्या कापून झाल्या एकदाच्या! आता गडद बाजू, त्यात जुन्या सुती साड्या आहेत आणि खणाचे तुकडे. खणाला हात लावायच्या आधी रोटरी कटरमध्ये (गोल फिरत्या ब्लेडचा कापड कापायचा कटर) ४५ मिमीचं नवीन ब्लेड टाकलं, म्हणून आज शिवणापेक्षा कटिंगबद्दलच जास्त लिहितेय.

ब्लेडचं कसं असतं, एका दिवसात ते बोथट होतच नाही. धार हळूहळू जाते आणि आपला हात नकळत जोर वाढवत राहतो, मग मनगट भरून येतं, जोराने दाबलं की रुलर सरकतो आणि आपल्याला वाटतं कापडच खराब आहे. म्हणून महिने मोजण्यात काही अर्थ नाही असं माझं ठाम मत आहे. कुणी रोज कापतं, कुणी दिवाळीच्या सुट्टीत. त्यापेक्षा काप बघा. साध्या सुती कापडाचे चार थर हलक्या हाताने एका फेरीत सुटले पाहिजेत. सगळ्यात खालचा थर धरून ठेवत असेल, तीच रेघ दोनदा मारावी लागत असेल किंवा कडेला तूस दिसत असेल तर धार गेलीच म्हणून समजा. आवाजही बदलतो हं, नवीन ब्लेड एकसारखं सर्रकन जातं.

पण मध्येच एखादा धागा न कापता राहतोय आणि बाकी काप स्वच्छ आहे, असं असेल तर पट्टी उलगडायच्या आधी टेप घ्या आणि त्या राहिलेल्या धाग्यांमधलं अंतर मोजा. ४५ मिमीच्या ब्लेडचा घेर साधारण १४१ मिमी, म्हणजे साडेपाच इंच. दर साडेपाच इंचाला धागा राहत असेल तर ब्लेडला टवका पडलाय, बहुतेक टाचणीवरून किंवा रुलरच्या कडेवरून गेलं असणार. २८ मिमीवाल्यात हेच अंतर साडेतीन इंचाच्या आसपास येतं, ६० मिमीत जवळपास साडेसात. आणि कुठल्याही ब्लेडने कापलं तरी कापडाखाली ठेवतो त्या कटिंग मॅटच्या त्याच जागी धागा राहत असेल तर ब्लेड बिचारं ठीक आहे, मॅटला चर पडलाय, कापड दुसरीकडे सरकवून कापून बघा.

फेकायच्या आधी एकदा कटर उघडून बघाच. ब्लेडच्या मागे कापसाचं तूस एवढं साठतं की ते फिरायचं थांबतं, आणि न फिरणारं ब्लेड एकाच जागी घासून लवकर संपतं. मऊ फडक्याने पुसायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, परत पुसायचं आणि पहिला काप चिंधीवर मारायचा, नाहीतर चांगल्या कापडावर तेलाचा डाग. स्क्रूही फार आवळायचा नाही, ब्लेड बोटाच्या धक्क्याने फिरलं पाहिजे (बोट बाजूला लावायचं, धारेला नाही!). फॉइल कापून धार येते म्हणतात, थोडा वेळ निभावतं खरं पण टवका काही त्याने भरत नाही.

मी एवढी मागे का लागते, तर लॉग केबिनमुळे. चार फेऱ्यांच्या ब्लॉकमध्ये (रजईच्या एका चौकोनी तुकड्यात) आडव्या रेषेत मधल्या चौकोनाच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ पट्ट्या येतात, प्रत्येक पट्टी नुसती एक मिमी चुकली तरी ब्लॉक आठ मिमीने बिघडला, मग कोपरे कुठून जुळणार! पाव इंच शिलाईत तेवढी जागाच नसते. पूर्वी कात्रीने आणि पुठ्ठ्याच्या साच्याने हे करायचे, ओल्फा या जपानी कंपनीने १९७९ मध्ये रोटरी कटर आणला तेव्हापासून पट्ट्या सरळ आणि भराभर निघायला लागल्या, पण ते सगळं धार आहे तोपर्यंतच.

खण नवीन ब्लेडने कापला तर कडेचे धागे ओढले जात नाहीत, परवा दोन तुकडे कापून बघितले, कड अगदी नीट आली. तरी खण उसवतोच, म्हणून मागून पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावून मग पट्ट्या काढणार आहे. फ्यूजिंगचा गोंद ब्लेडला चिकटतो, त्यामुळे दर थोड्या पट्ट्यांनी पुसून घ्यावं लागेल.

जुनं ब्लेड कागद आणि पुठ्ठ्यासाठी वेगळ्या कटरमध्ये घातलंय, त्यावर मार्करने 'कागद' लिहून ठेवलंय. अगदीच संपलेली ब्लेडं जाड टेपमध्ये गुंडाळून पत्र्याच्या डबीत जमवते, कचरा उचलणाऱ्यांच्या हाताला लागायला नकोत.

खणावर कुणी ६० मिमीचं ब्लेड वापरलंय का? एका वेळी किती थर घेता, ते सांगा.