फ्लरूसच्या माळावरचा फुगा

ब्रसेल्सचं स्वस्तातलं विमान बऱ्याचदा ब्रसेल्सला उतरतच नाही. ते उतरतं शार्लरुआजवळच्या गोसलीला, शहरापासून पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला, आणि तिथून बसचा भुर्दंड वेगळा. इकडे राहणाऱ्या प्रत्येक मराठी घराने पाहुण्यांना आणायला या विमानतळाच्या फेऱ्या मारलेल्या असतात. मीही मारल्यात. पण विमानतळाला लागून असलेल्या गोसली-झ्युमेच्या पठाराचा इतिहास मला मामा येईपर्यंत ठाऊक नव्हता. २६ जून १७९४ ला, फ्लरूसच्या लढाईत, याच टापूत हायड्रोजनने भरलेला एक गोल फुगा दोरांना बांधून दिवसभर आकाशात ठेवला होता. त्याच्या पाळण्यात दोन माणसं होती आणि ती ऑस्ट्रियन सैन्याच्या हालचाली टिपून खाली कळवत होती. आकाशातून टेहळणी करणारी जगातली पहिली लष्करी तुकडी ती हीच, फ्रेंच राज्यक्रांतीतली ‘एरोस्टिए’ कंपनी.

माझे मामा तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षं देवळालीत गेली. त्यामुळे ब्रसेल्सचा तो सू करणारा पुतळा त्यांनी एका नजरेत निकालात काढला आणि म्हणाले, “बरं, आता काहीतरी बघण्यासारखं दाखव.” फुग्याचं मीच कुठेतरी वाचलेलं सांगितलं. झालं! तोफखान्याच्या माणसासमोर ओपी म्हणजे टेहळणीच्या जागेचा विषय काढायचा नसतो. स्वतंत्र भारताच्या सैन्याची पहिली एअर ओपी तुकडी ऑगस्ट १९४७ मध्ये देवळालीलाच उभी राहिली. छोट्या ऑस्टर विमानातून तोफांचा मारा कुठे पडतोय ते बघायचं, हे तिचं काम. मामा सैन्यात गेले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, तरी त्या ऑस्टरच्या गोष्टी ते असे सांगतात की जणू स्वतःच मागच्या सीटवर बसले होते. “मग हे फुगेवाले आमचे पूर्वजच की,” असं म्हणून त्यांनी बेतच आखून टाकला.

सुरुवात फ्रान्समधून, पॅरिसजवळच्या मदोंपासून. मोंपारनास स्टेशनवरून लोकल पकडली की थोड्याच वेळात मदों येतं. पुढे चढ आहे आणि तो मामांच्या गुडघ्यांना मानवला नाही. वर राजवाड्याची भलीमोठी गच्ची आहे, तिच्यावरून पॅरिस सबंध दिसतं. राजवाडे इथे दोन होते. जुना १७९५ मध्ये जळाला, नवा १८७१ मध्ये.

क्रांतीचं सरकार तेव्हा चहूबाजूंनी घेरलेलं होतं. गितों द मोर्व्हो या रसायनशास्त्रज्ञाने सुचवलं की माणसं नेणारे फुगे उडवून दहा वर्षं झाली, ते सैन्यासाठी का वापरू नयेत? सरकारने होकार दिला, पण एका अटीवर. हायड्रोजन बनवण्यासाठी गंधकाम्ल वापरायचं नाही, कारण गंधक बंदुकीच्या दारूला लागतं. मग लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलेला मार्ग उरला. तांबडंलाल तापलेल्या लोखंडावरून पाण्याची वाफ सोडायची. लोखंड वाफेतला ऑक्सिजन धरून ठेवतं आणि हायड्रोजन पुढे निघून जातो. प्रयोगशाळेतल्या या गोष्टीचा कुतेल नावाच्या माणसाने अक्षरशः कारखाना केला. विटांची भट्टी, तिच्यात आडव्या बसवलेल्या लोखंडी नळ्या, नळ्यांत ठासून भरलेला लोखंडाचा कीस. एका टोकाने वाफ आत जाणार, दुसऱ्या टोकाने निघालेला वायू चुन्याच्या पाण्यातून धुऊन फुग्यात शिरणार. जाळ दीड-दोन दिवस अखंड ठेवावा लागे. मधेच नळी तडकली तर भेगेवर माती लिंपायची आणि पुन्हा जाळ घालायचा. आणि ज्या लाव्हाझिएच्या रीतीवर हे सगळं चाललं होतं, त्याचं डोकं याच सरकारने ८ मे १७९४ रोजी, म्हणजे फ्लरूसच्या लढाईच्या सात आठवडे आधी, गिलोटिनखाली उडवलं.

कंपनी उभी राहिली २ एप्रिल १७९४ ला, मदोंतच. कॅप्टन अर्थातच कुतेल. माणसं थोडी, तीसेक. नुसती बंदूक चालवणारी नकोच होती. गवंडी, सुतार, रंगारी, रसायनं जाणणारे, असे हातात कसब असलेले पाहून घेतले होते. मदोंची कार्यशाळा निकोला-झाक कोंतेकडे होती. शिसपेन्सिलीचं आजचं शिसं, ग्रॅफाइट आणि चिकणमाती मळून भाजलेलं, ते याच कोंतेचं. इथे हायड्रोजनवर काम करताना स्फोट झाला आणि त्याचा डावा डोळा गेला. फुग्याच्या रेशमाला त्याने असं वार्निश दिलं की भरलेला वायू महिना-दोन महिने टिके. आजच्या वाढदिवसाचा फुगा दुसऱ्या दिवशी कसा होतो ते आठवा म्हणजे याचं मोल कळेल.

गच्चीच्या टोकाला आता वेधशाळा आहे. १८७१ च्या आगीतून वाचलेल्या राजवाड्याच्या भिंतींवर झान्सेन या खगोलशास्त्रज्ञाने घुमट चढवून ती उभी केली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी गुंटूरला येऊन वेध घेणारा झान्सेन तो हाच. हेलियमच्या शोधाची गोष्ट त्या ग्रहणापासून सुरू होते आणि आपल्याकडे विजयदुर्गावरचे साहेबाचे ओटे दाखवून ती सांगतात. हाच झान्सेन १८७० च्या डिसेंबरात, जर्मनांनी पॅरिसला वेढा घातलेला असताना, फुग्यात बसून वेढ्याबाहेर पडला. का, तर अल्जीरियातून दिसणारं ग्रहण चुकू नये म्हणून! मला ही गोष्ट कंपनीच्या गोष्टीइतकीच आवडली. मामा मात्र “ते राहू दे, भट्टी कुठे होती ते विचार” यावर अडून होते. भट्टीची जागा काही सापडली नाही.

दुसरा टप्पा मोबज, बेल्जियमच्या सीमेवरचं तटबंदीचं गाव. १९४० मध्ये गाव जवळजवळ बेचिराख झालं, पण वोबां या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने बांधलेल्या तटाचा काही भाग आणि मोंसकडचा दरवाजा शाबूत आहे. कुतेल पहिल्यांदा इकडे आला तो सरकारी पत्र घेऊन, फुग्याची कल्पना सेनापती झुर्दांच्या कानावर घालायला. सरकारी प्रतिनिधी द्युकेन्वाने ते पत्र वाचलं आणि फुगा म्हणे! हा माणूस हेर दिसतोय, घाला गोळ्या, अशी भाषा सुरू केली. ती वेळ निभावली. पुढे जून १७९४ मध्ये ‘आंत्रप्रनां’ नावाचा फुगा याच गावातून वर गेला. व्यास साधारण नऊ मीटर. ऑस्ट्रियन तोफेचा एक गोळा त्याच्या वरून गेला, दुसरा जवळून चाटून गेला.

त्याआधी कंपनीची इथे चांगलीच टिंगल झाली होती. लढत नाहीत, धूर करत बसतात, हे कसले सैनिक? कुतेलने मग सेनापतीकडे जाऊन, पुढच्या चढाईत आपल्या माणसांना घ्या, असं सांगितलं. घेतलं. त्यात त्याचा सब-लेफ्टनंट छातीत गोळी लागून पडला आणि दोघं जबर जखमी झाले. टिंगल थांबली. मामा हे ऐकून नुसतं “हं” म्हणाले. सिग्नलवाले, इंजिनिअर, दुरुस्तीवाले, सगळ्यांना कधी ना कधी हे ऐकावं लागतंच, असं पुढे गाडीत बोलले.

आता खरी गंमत. झुर्दांला फुगा शार्लरुआपुढे हवा होता, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. वायू सोडून फुगा गुंडाळून न्यायचा, तर तिथे नवी भट्टी बांधून पुन्हा दोन दिवस जाळ घालावा लागणार. तेवढा वेळ नव्हता. म्हणून भरलेला फुगाच चालवत न्यायचं ठरलं. रात्री निघाले. विषुववृत्तासारख्या बांधलेल्या पट्ट्यापासून दोर सोडलेले, एकेक दोर एकेका माणसाच्या हाती. फुगा इतक्याच उंचीवर ठेवायचा की खालून घोडदळ आणि गाडे जाऊ शकतील. पण पहिला अडथळा दारातच होता, गावाचा तट. फुगा दरवाजातून जाणं शक्य नाही. म्हणून तो तटावरून, खंदकावरून काढला. काही जण दोर सोडणार, पलीकडचे पकडणार, मग हे उतरून पुन्हा धरणार, आणि हे सगळं अंधारात, समोर ऑस्ट्रियन तळ असताना.

आम्ही गाडीने त्याच दिशेने निघालो. मामांनी तो रस्ता ज्या डोळ्यांनी पाहिला तसा मी कधीच पाहिला नव्हता. दर वळणावर झाडं, तारा, उतार. मधेच गाडी थांबवायला लावली, खाली उतरले, हात वर केला आणि वारा कुठून येतोय ते पाहिलं. “इथे डावीकडच्यांनी ताणायचं, उजवीकडच्यांनी ढील द्यायची. एक जण जरी अडखळला ना, तर गेला फुगा झाडात.” मग विचारलं, “त्या दोरवाल्यांची नावं आहेत का गं कुठे?” मी फोनमध्ये पुन्हा पाहिलं. कुतेलचं नाव सगळीकडे आहे, त्याच्याबरोबर वर बसलेल्या मोर्लो या जनरलचंही. दोर धरणाऱ्यांचं मला एकही सापडलं नाही. गणपतीचा मंडप वाऱ्यात धरून उभ्या राहणाऱ्या पोरांची नावं पावतीपुस्तकावर नसतात, तसलाच प्रकार.

शार्लरुआ २५ जूनला शरण आलं आणि दुसऱ्याच दिवशी लढाई झाली. झुर्दांकडे पाऊण लाखाच्या आसपास सैन्य, समोर ऑस्ट्रियनांचा सेनापती, कोबुर्गचा राजपुत्र योसियस. कुतेल आणि मोर्लो नऊ-दहा तास पाळण्यात होते. खाली निरोप द्यायचे दोन मार्ग होते. एक, कापडी निशाणं. दुसरा, चिठ्ठी लिहून वाळूच्या छोट्या पिशवीला बांधायची आणि पिशवीची कडी दोरात अडकवून खाली सोडायची. मामांचा आक्षेप इथेच होता. पाळणा हलतो, त्यात दुर्बीण स्थिर राहत नाही. काळी दारू असल्यामुळे तासाभरात रणांगण धुराने भरतं. शिवाय चिठ्ठी खाली येऊन सेनापतीकडे पोचेपर्यंत घोडदळ दुसरीकडे गेलेलं असतं. फ्रेंच चित्रांत फुगा असा रंगवलाय की जणू लढाई त्यानेच जिंकली. मलाही ते पटत नाही. पण आपल्यावर सतत कोणीतरी बघतंय, ही भीती ऑस्ट्रियन रांगांत नक्की शिरली असणार.

त्या सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? फेब्रुवारीत वानवडीला महादजी शिंदे वारले होते. पुढच्या वर्षी खर्ड्याला मराठे आणि निजाम भिडले तेव्हा दोन्हीकडे फ्रेंच सरदार होते, शिंद्यांच्या पायदळावर पेराँ आणि निजामाकडे रेमंड. फ्रेंच कवायत आपल्यापर्यंत पोचली, फुगा नाही.

फ्लरूस गाव शार्लरुआहून ओतिन्यीला जाणाऱ्या रेल्वेवर आहे. १६९०, १७९४ आणि १८१५ अशा तीन फ्रेंच विजयांचा एकच स्तंभ इथे उभारलाय. मला स्तंभापेक्षा जास्त भावली ती नावो पवनचक्की. आता तिला पाती नाहीत, नुसता गोल मनोरा उरलाय. १६ जून १८१५ ला, लिन्यीच्या लढाईआधी, नेपोलियन या चक्कीवर चढून प्रशियन फौजा न्याहाळत होता. त्याला नीट दिसावं म्हणून इंजिनिअरांनी वर सज्जा करून दिला होता. एकवीस वर्षांपूर्वी याच मुलखात फ्रेंचांकडे आकाशात डोळे होते, आणि आता त्यांचा सम्राट पीठ दळायच्या चक्कीवर चढून बघतोय!

मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात सांगते. फ्लरूसनंतर दुसरी कंपनी उभी राहिली आणि फुगे ऱ्हाइनवर गेले. माइन्झच्या वेढ्यात एकदा वाऱ्याने फुगा जमिनीवर आपटायला सुरुवात केली, तेव्हा समोरचे ऑस्ट्रियन अधिकारीच पांढरे रुमाल हलवत पुढे आले आणि त्या शूर माणसाला खाली घ्या म्हणाले, अशी आठवण खुद्द कुतेलने लिहून ठेवली आहे. पण सैन्य आता झपाट्याने पुढे सरकत होतं आणि भट्टी, नळ्या, लोखंडाचे गाडे मागे पडत होते. ३ सप्टेंबर १७९६ ला व्युर्त्सबुर्गला ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक कार्लने फ्रेंचांना हरवलं आणि फुगा लुटीत गेला. १७९८ मध्ये कोंते आणि कुतेल नेपोलियनबरोबर इजिप्तला गेले, तर फुग्यांचं बरंचसं सामान जहाजांबरोबर समुद्राच्या तळाशी गेलं. कोंतेने कैरोत गरम हवेचा फुगा करून उडवला. तो पेटून खाली आला. अल-जबर्ती या तिथल्या इतिहासकाराने लिहिलं की, हे म्हणजे सणासमारंभाला नोकर लोक पतंग उडवतात तसलंच काहीतरी निघालं. १७९९ मध्ये कंपन्या बरखास्त झाल्या. नेपोलियनला दोष देतात, पण मला वाटतं दोष भट्टीचा. दोन दिवस एका जागी थांबून डोळे उघडायची सवड त्याच्या सैन्याला नव्हती.

शेवटचा टप्पा व्हिएन्ना. हॉप्टबानहोफपासून पायी जाण्यासारख्या अंतरावर आर्सेनालमध्ये सैन्य-इतिहासाचं संग्रहालय आहे. सारायेवोला फ्रान्झ फर्डिनांडवर गोळ्या झाडल्या ती मोटार इथेच आहे, आणि गर्दी तिच्याभोवती असते. व्युर्त्सबुर्गला पकडलेला फुगाही इथेच जपलाय, ‘अँत्रेपिद’ या नावाने. जगात शिल्लक असलेलं सर्वांत जुनं लष्करी हवाई यान, असा त्याचा मान आहे. पाळणा एवढासा आहे की दोन माणसं उभी राहिली तर खांद्याला खांदा लागणार. नऊ-दहा तास अशा ठिकाणी, ना बसायला जागा, ना आडोसा. मामा पाळण्यापाशी कमी आणि दोर जिथे बांधतात तिथे जास्त वेळ रेंगाळले. एका पहारेकऱ्याला त्यांनी आपल्या इंग्रजीत विचारलं, हे दोर मूळचे की नंतरचे? त्याने प्रामाणिकपणे खांदे उडवले आणि बाहेर रणगाड्यांची बाग आहे ती बघून घ्या, असा सल्ला दिला. मामा लगेच निघाले.