पवनचक्कीवरचं एरेशन: तळाचा डीओ हळूहळू वर आला

तर मंडळी, शेततळ्यावरच्या, तळाशी हवा सोडणाऱ्या (म्हणजे एरेशनच्या) पवनचक्कीचा पुढचा अपडेट. टॉवर उभा आहे, डायाफ्राम कॉम्प्रेसर (रबरी पडदा हलवून हवा ढकलणारा पंप) नीट हवा देतोय, डिफ्यूझर (हवेचे बारीक बुडबुडे करणारी चकती) तळाशी बसलाय आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते, म्हणजे पहाटेचा तळाचा डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन), आता शून्याला चिकटून राहत नाही. वरचं पाणी आधीपण बरं दिसायचं, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला फार फरक जाणवणार नाही, पण माझ्या मते शेततळ्याची तब्येत वरून कळतच नाही, ती तळाशी आणि तेही तांबडं फुटायच्या आधी मोजावी लागते.

तळं मातीचं आहे, भरलेलं असताना साधारण दहा लाख लिटर, मधोमध तीन मीटर खोल. चक्की बसवायच्या आधी बरेच दिवस फक्त मोजत बसलो होतो, तापमान आणि डीओ, वर, मध्ये आणि तळाशी, एकदा दुपारी उशिरा आणि एकदा पहाटे. गरम दिवसांत चित्र ठरलेलं असायचं, दुपारी वर ३१ अंश तर तळाशी २६, वर डीओ भरपूर आणि तळाशी एक मिग्रॅ प्रति लिटरच्याही खाली. पाच अंशांचा फरक वाचायला किरकोळ वाटतो पण गरम पाण्यात तो फार मोठा असतो, कारण पाणी जितकं गरम तितकी त्याची घनता दर अंशामागे जास्त वेगाने कमी होते. ५ आणि १० अंशांच्या पाण्यात घनतेचा जेवढा फरक, त्याच्या पाचपट फरक २५ आणि ३० अंशांच्या पाण्यात असतो. म्हणून वरचा गरम थर खालच्यावर तरंगत राहतो आणि एवढ्याशा तळ्यातपण दोन वेगवेगळी पाणी तयार होतात, वरच्याला हवा आणि ऊन मिळतं, खालच्याला फक्त कुजणारा गाळ.

आणि गाळ ऑक्सिजन खातच राहतो. तो संपला की मग दुसरे जिवाणू कामाला लागतात, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो (तोच तो कुजक्या अंड्यासारखा वास), अमोनिया साठतो आणि गाळात लोहाला चिकटून बसलेला फॉस्फरस सुटून पाण्यात येतो. हा फॉस्फरस म्हणजे शेवाळासाठी खतच, त्यामुळे बाहेरून काहीही येत नसताना तळं हिरवं होत राहतं त्याचं एक मोठं कारण हेच. ते शेवाळ मेलं की परत तळाशी, परत गाळ, परत ऑक्सिजनचा खर्च. तळाशी अशी उधारी वाढत जाते आणि मग एखाद्या दिवशी जोराचा गार पाऊस किंवा वादळी वारा येतो, दोन्ही थर एकदम मिसळतात आणि वसुली सगळ्या तळ्याकडून एका रात्रीत होते. मासे वर येऊन तोंड वासायला लागतात ते बहुतेक वेळा अशाच पहाटे.

आता बुडबुड्यांबद्दल थोडं, कारण नव्याने यात येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला वाटतं की बुडबुडे ऑक्सिजन देतात. देतात, पण किती ते बघा. एक लिटर हवेत साधारण ०.२८ ग्रॅम ऑक्सिजन. बऱ्यापैकी वाऱ्यात मिनिटाला २० लिटर हवा मिळाली तर तासाला १२०० लिटर, म्हणजे ३३० ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन तळाशी सोडला. बारीक बुडबुड्यांतून तीन मीटर वर येईपर्यंत स्वच्छ पाण्यातसुद्धा त्यातला पाचवा हिस्साही विरघळत नाही, आपण ५५ ग्रॅम धरू. हे दहा लाख लिटरवर पसरा, उत्तर येतं ताशी ०.०५५ मिग्रॅ प्रति लिटर. रात्रभर चक्की फिरली तरी अर्धा मिग्रॅ फक्त, आणि हिरवं तळं एका रात्रीत याच्या कितीतरी पट ऑक्सिजन खाऊन टाकतं. हा हिशोब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मलाच प्रश्न पडला होता की मग हे सगळं चालतं तरी कसं.

चालतं ते उचलण्यामुळे. वर जाणारे बुडबुडे स्वतःबरोबर तळाचं पाणी ओढून वर नेतात, स्वतःच्या आकारमानाच्या कितीतरी पट जास्त, आणि ते पाणी वर येऊन पसरलं की त्याला उघडी हवा मिळते आणि त्याच्या जागी वरचं पाणी खाली जातं. ऑक्सिजन घ्यायची खरी जागा म्हणजे तळ्याचा अख्खा पृष्ठभाग, बुडबुडे फक्त पाणी फिरवायचं काम करतात. त्यात आपल्या बाजूने अजून एक गोष्ट आहे जी मला या सगळ्या प्रकारातली सगळ्यात सुंदर वाटते. जमिनीजवळचा वारा साधारणपणे दुपारी जास्त असतो आणि रात्री पडतो, आणि दुपारीच तर शेवाळाने केलेला ऑक्सिजन वरच्या थरात ओसंडून जात असतो. ३० अंशांच्या पाण्यात हवेशी समतोल धरला तर साधारण साडेसात मिग्रॅ मावतो पण उन्हात हिरव्या तळ्याच्या वरच्या थरात त्याच्या वर आकडे सहज जातात आणि तो जास्तीचा ऑक्सिजन संध्याकाळपर्यंत हवेत निघून जातो. चक्की दुपारी फिरली की तोच ऑक्सिजन खाली पोचतो आणि पूर्ण तीन मीटर पाण्यात साठतो, मग रात्री वारा नसला तरी पहाटेपर्यंत पुरेल एवढी शिल्लक राहते. म्हणजे पवनचक्की रात्री काम करत नाही ही तक्रार अर्धीच खरी आहे, तिने दिवसाचं काम नीट केलं की रात्र बरीचशी निभावते.

यंत्राकडे येतो. बऱ्याच पात्यांचा, जुन्या पाणी ओढणाऱ्या चक्क्यांसारखा रोटर घेतलाय, व्यास १.८ मीटर. वीज करायची असती तर दोन-तीन पात्यांचा वेगवान रोटर बरा, पण इथे क्रँकने थेट डायाफ्राम हलवायचाय, त्याला वेगापेक्षा सुरुवातीचा जोर लागतो आणि तो जास्त पात्यांमधून मिळतो, हलक्या वाऱ्यातही फिरायला लागतो. डायाफ्रामच का तर त्यात तेल नसतं, पिस्टनवाल्या कॉम्प्रेसरमधून तेलाचा अंश हवेबरोबर तळ्यात जायची भीती असते ती इथे नाही. दाबाचं गणित सोपं आहे, दर मीटर खोलीला ९.८ किलोपास्कल, म्हणजे तीन मीटरला ३० च्या आसपास, वर नळीतलं घर्षण आणि डिफ्यूझरचा विरोध. सेकंदाला एक लिटर हवा एवढ्या खोल ढकलायला आदर्श हिशोबाने २६ वॉट लागतात, प्रत्यक्षात जास्त.

पण वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते हे डोक्यात पक्कं ठेवा. वारा दुप्पट झाला की ताकद आठपट. ३ मीटर प्रति सेकंद वाऱ्यात दर चौरस मीटरमागे १६ वॉट, ६ मीटरच्या वाऱ्यात १३०, आणि त्यातलेही जास्तीत जास्त ५९.३ टक्केच कुठल्याही पात्यांना मिळू शकतात, ही मर्यादा अल्बर्ट बेट्झने मांडली आणि अशा डायाफ्रामच्या चक्क्या तिच्या जवळपासही जात नाहीत. म्हणून मोठ्या रोटरच्या मागे लागण्याआधी जागा बघा. झाडं, शेड, बांध यांच्या मागे वारा कमी तर होतोच शिवाय घुसळलेला असतो, रोटर सारखा इकडे तिकडे वळत राहतो आणि बेअरिंग खराब होतात. माझ्या तळ्याच्या एका बाजूला दाट झाडी आहे, म्हणून टॉवर काठावर न घेता दूर उघड्या उंचवट्यावर घेतला आणि तिथून नळी पुरून आणली. हवेला एवढं अंतर काहीच नाही, फक्त नळी बारीक घेऊ नका. वादळी वाऱ्यात शेपटी वळून रोटर वाऱ्याच्या बाहेर जातो ती व्यवस्था टॉवर उभा करायच्या आधी जमिनीवरच हाताने हलवून बघून घेतली, तणावेपण पहिल्या मोठ्या वाऱ्यानंतर परत ताणले.

पाण्यातली नळी वजनदार घेतली, आपोआप तळाशी बसते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नळीत पाण्याच्या पातळीच्या वर बसवलाय, वारा थांबला की नळीत पाणी मागे चढतं ते तिथेच अडतं, डायाफ्रामपर्यंत जात नाही. डिफ्यूझर ईपीडीएम रबराच्या चकतीचा, बारीक चिरा असलेला, हवा बंद झाली की चिरा मिटतात आणि गाळ आत जात नाही. आमच्या वाऱ्यासारखी सारखी चालू-बंद होणारी हवा असेल तर दगडी एअर स्टोनपेक्षा हे कधीही चांगलं. चकती गाळावर थेट न ठेवता वजनदार चौकटीवर वीतभर उंच ठेवलीये, नाहीतर बुडबुड्यांबरोबर गाळच ढवळून वर येतो. प्लास्टिक अस्तराचं तळं असेल तर चौकटीला खाली कुठेही धार राहू देऊ नका.

सुरुवात करताना मात्र घाई अजिबात नको, हे परत परत सांगेन. तळाशी साठलेलं बिनऑक्सिजनचं, सल्फाइडवालं पाणी एकदम वर आणलं तर जे वादळाने होतं तेच आपण स्वतःच्या हाताने करू. मी पहिल्या दिवशी हवा अर्धा तासच सोडली, मग दुसऱ्या दिवशी एक तास, मग दोन, असं रोज दुप्पट करत गेलो, बाकीचा वेळ कॉम्प्रेसरजवळच्या टी (तीन तोंडांचा जोड) मधून हवा बाहेर सोडून द्यायची म्हणजे चक्की फिरत राहते आणि डायाफ्रामवर ताण येत नाही. पहिल्या तासांत बुडबुड्यांच्या जागी वास आला, पाणी गढूळ काळपट झालं, मासे त्या बाजूला फिरकले नाहीत. हे अपेक्षितच होतं आणि थोडं थोडं केल्यामुळे सगळं निभावलं.

आता आकडे. वर आणि तळाच्या तापमानातला फरक बऱ्या वाऱ्याच्या दिवशी एका अंशाच्या आत आलाय, हा सगळ्यात आधी दिसलेला बदल. डीओ मागून आला, बऱ्याच उशिरा, कारण सुरुवातीला जो ऑक्सिजन खाली जात होता तो गाळच खात होता, आकडा हलतच नव्हता, इथे धीर सोडू नका. मग हळूहळू पहाटेचा तळाचा आकडा तीनच्या वर जायला लागला, आता वाऱ्याच्या दिवसांनंतर चारच्या आसपास असतो. दुपारचा वरचा आकडा मात्र आधीपेक्षा कमी झालाय आणि ते चांगलंच लक्षण आहे, वरचा साठा खाली वाटला जातोय. पीएच दुपारी नऊच्या वर उडी मारायचा तो पण आता आटोक्यात आहे. हे माशांच्या दृष्टीने फार महत्त्वाचं, कारण २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियातला एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो आणि पीएच ९ झाला की तोच भाग एक तृतीयांशाच्या वर जातो.

डीओ मीटर आणि विंकलर टायट्रेशनचं (रसायनं घालून डीओ मोजायच्या पद्धतीचं) किट दोन्ही वापरतो. मीटरवर आंधळा विश्वास नाही, अधूनमधून विंकलरने पडताळून घेतो. १८८८ सालची ही पद्धत आजही तितकीच भरवशाची आहे, फक्त बाटलीत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि तळाचा नमुना घ्यायला वजन बांधलेली बुच लावलेली बाटली खाली सोडून तिथेच दोरीने बुच ओढायचं, बादलीने ओढलेलं पाणी वर येईपर्यंत हवा घेऊन मोकळं होतं. पारदर्शकतेसाठी सेकी डिस्क (पाण्यात सोडून किती खोलीवर दिसेनाशी होते ते बघायची चकती), काळी-पांढरी २० सेंटीमीटरची, पत्र्याची घरीच केली. निळ्या-हिरव्या शेवाळाची वर येणारी साय यंदा कमी आहे. त्या पेशींमध्ये वायूच्या पोकळ्या असतात, स्थिर पाण्यात त्या वर येऊन ऊन अडवतात, पाणी फिरतं राहिलं की त्यांचा हा फायदा जातो. ठिबकचे फिल्टरपण कमी वेळा धुवावे लागतायत. पण तळं काचेसारखं वगैरे झालेलं नाही आणि तसं व्हायची अपेक्षापण ठेवू नका, गाळातलं जुनं खत जायला वेळ लागतो.

अवघड प्रसंग एकच, सलग ढगाळ, दमट आणि वारा पूर्ण पडलेले दिवस. ऊन नाही म्हणून शेवाळ ऑक्सिजन करत नाही, वारा नाही म्हणून चक्की बंद, पाणी गरम म्हणून मुळात मावतोच कमी आणि श्वसन जोरात. मधे असे दिवस आले तेव्हा पहाटेचा तळाचा आकडा रोज थोडा थोडा घसरत दोनच्या खाली गेला. म्हणून आता त्याच नळीला टी लावून विजेवर चालणारा छोटा डायाफ्राम पंप जोडलाय, दोन्ही बाजूंना वेगवेगळा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एकाची हवा दुसऱ्यात घुसत नाही. तो संध्याकाळपासून सकाळपर्यंत चालवतो, पण वारा पडल्याच्या पहिल्याच रात्रीपासून. चार-पाच दिवस थांबून, थर पक्के झाल्यावर एकदम तळाचा डिफ्यूझर लावणं धोक्याचं आहे. तेवढा उशीर झालाच आणि मासे वर आलेले दिसले तर तळाला हात न लावता वरचंच पाणी पंपाने ओढून फवाऱ्यासारखं परत तळ्यात सोडायचं, त्याने निदान वरच्या थरात मासे तग धरतात.

देखभाल आतापर्यंत थोडीच. बेअरिंगला ग्रीस, नट-बोल्ट तपासणं, हवा घ्यायच्या जाळीवरची धूळ काढणं, आणि चकतीवर चढलेला थर ब्रश आणि व्हिनेगरने धुणं. बुडबुडे मोठे आणि एकाच बाजूने यायला लागले की चकती धुवायची वेळ झाली असं समजायचं. डायाफ्रामचा एक जादा सेट आणून ठेवलाय, रबर आहे, कधीतरी फाटणारच.

पुढचं काम आता दूरच्या कोपऱ्याचं. तिथे तळाचा डीओ अजून मधल्या भागापेक्षा कमीच येतो, म्हणजे फिरणारं पाणी तिथपर्यंत नीट पोचत नाहीये. दुसरी चकती टाकून हवा दोन्हीकडे वाटायचा विचार आहे, पण हलक्या वाऱ्यात हवा नेहमी कमी खोलीच्या चकतीतूनच निघून जाते, म्हणून दोन्ही एकाच खोलीवर ठेवून प्रत्येकीला स्वतंत्र व्हॉल्व्ह द्यावा लागेल. कोणी एका चक्कीवर दोन चकत्या चालवत असाल तर हलक्या वाऱ्यात दोन्हीकडे बुडबुडे येतात का आणि पहाटेचे तळाचे आकडे काय आहेत ते नक्की सांगा, त्यावरून मी नळीचं माप ठरवतो.